हाताचं लिहा, कानाचं नको

बानूबाईच्या थोरल्या मुलाला ऐकू येत नाही, हे सगळ्या वस्तीला तेहतीस वर्षं माहीत होतं आणि तेहतीस वर्षं तिच्या घरात ते कुणी तोंडातून काढलं नव्हतं. घरचा शब्द वेगळा होता. शिवशंकर मौनी आहे, असं घरचे म्हणत. बाहेरची पोरं मुक्या म्हणत, भांडणात बहिऱ्या म्हणत, शाळेचे गुरुजी कर्णबधिर म्हणत, सरकार आधी अपंग आणि नंतर दिव्यांग म्हणू लागलं. जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं, तसं याचंही बदललं. बानूबाई मात्र उस्मानाबादला उस्मानाबाद म्हणत राहिली आणि मुलाला मौनी.

परंडा तालुक्यात, सोनारीच्या भैरवनाथापासून दोन-अडीच कोसांवर नऊ-दहा धनगर घरांची ती वस्ती. बानूबाईच्या घरची ऐंशीएक मेंढरं, चार शेळ्या, एक म्हैस. नवरा बिरू, थोरला शिवशंकर आणि त्याच्या पाठची, नऊ वर्षांनी झालेली शिवकन्या.

मौनी हा शब्द घरात कसा आला, तेही सांगायला हवं. शिवशंकर दोन वर्षांचा झाला तरी हाकेला वळेना. तेव्हा आयाबायांनी आधी बानूबाईलाच धरलं. गरोदरपणी ग्रहणात विळी हातात घेतली असशील, झोपून राहिली नसशील, काहीतरी केलंच असशील. बावीस वर्षांची पोर ती, रोज रडून डोळे सुजवून घ्यायची. खरंच विळी हातात घेतली होती का, हे आठवून आठवून तिचं डोकं फिरायची पाळी आली. मग एके दिवशी सासरा रेवणप्पा ओट्यावर बसून सगळ्यांसमोर म्हणाला, "सुनंला बोलायचं काम न्हाय. माज्या आज्ज्यानं भैरवनाथाला मौन बोललं हुतं. ते फेडायचं ऱ्हायलं. ह्या पोरानं ते अंगावर घेतलंय."

बस. एका वाक्यात बानूबाईवरचा आळ उतरला. त्या दिवशी तिला पोटभर जेवण गेलं. सासऱ्यानं सांगितलेलं खरं होतं की सुनेची दया येऊन त्यानं ते रचलं होतं, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. तिला तर मुळीच नाही. बुडणाऱ्याच्या हाती आलेला दोर कुणी तपासून पाहत नाही, तिनं तो शब्द घट्ट धरला. आणि मला विचाराल तर सगळ्या गोष्टीतलं वाईट तिथंच सुरू झालं, कारण तो शब्द मायेनं दिलेला होता.

पोरगं पाच वर्षांचं असताना हणमंतप्पा गुरुजी सायकल मारत वस्तीवर आले. शाळेत न येणाऱ्या मुलांची यादी करायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी शिवशंकरच्या पाठीमागे उभं राहून पितळी दणदण वाजवली. शेळ्या बुजल्या, पोरगं मातीत खेळत राहिलं. मग गुरुजी त्याच्यापुढे बसले, तासभर बसले. खड्यांची ओळ लावून दाखवली, पोरानं ती तशीच लावली. एक खडा लपवला, तर पोरानं गुरुजींची मूठ उघडून काढला.

"पोरगं तल्लख आहे," गुरुजी रेवणप्पाला म्हणाले. "ऐकू येत नाही म्हणून बोलत नाही, एवढंच आहे. उस्मानाबादला अशा मुलांची शाळा आहे. राहायची सोय आहे. तिथली मुलं हातानं बोलतात, लिहितात, वाचतात."

"आमच्या घरात अपंग कोन न्हाय," रेवणप्पा म्हणाला. "दुसरं घर बघा."

गुरुजी बानूबाईकडे वळले. "तुम्ही आई आहात. तुमचं काय म्हणणं?"

बानूबाईनं पदर ओढून घेतला. "अपंग न्हाय वो त्यो," ती म्हणाली. "मौनी हाय."

गुरुजी गेले. इथवरचं वस्तीला माहीत आहे. पुढचं तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या जूनमध्ये गुरुजी पुन्हा आले होते. घरी दुसरं कुणी नव्हतं. तिला लांबूनच सायकल दिसली, आणि तिनं पोराला काखोटीला मारून मेंढरांच्या वाड्यामागे नेलं. काटेरी कुंपणाच्या आड ती उकिडवी बसून राहिली. गुरुजींनी दोन हाका मारल्या. पोराचं तोंड दाबायचीही गरज नव्हती. गुरुजी थोडं पाणी पिऊन, माठावर झाकण नीट ठेवून निघून गेले आणि नंतर कधी आले नाहीत.

शाळा चुकली, पण बोलणं काही थांबलं नाही. माय-लेकरांनी आपली बोली केली. नाकाशी बोट नेलं की आई, नथीच्या जागेवरून. मिशीला पीळ दिला की बाप. खांद्यावरून वेणी ओढली की शिवकन्या. लांडगा, लंगडणारी मेंढी, येणारा पाऊस, पोटात दुखतंय, आज जायचं नाही, ते लोक वाईट आहेत, सगळ्याला खूण होती. दोन्ही हात भराभर चालायचे त्याचे. कोण पाहुणा कसा चालतो, कोण खोटं हसतो, याच्या नकला करून तो आईला हसवून हसवून बेजार करी. बिरूला त्यातल्या दहा-बारा खुणा यायच्या, शिवकन्येला निम्म्या. सगळी बोली येणारी जगात दोनच माणसं, एक तो आणि एक त्याची आई.

मेंढरांत तर त्याच्यासारखा माणूस तालुक्यात नव्हता. संध्याकाळी मेंढरं चरून आली की मागे ठेवलेली कोकरं जिची तिला पाजायला लावून द्यावी लागतात. चुकीचं कोकरू मेंढी लाथाडते. शिवशंकर एका हातात कोकरू, दुसऱ्या हातात मेंढीचं मुस्कट धरी आणि चाळीस कोकरं अर्ध्या तासात लावून देई. सोनारीच्या यात्रेत बाया त्याच्या पाया पडत, तान्ही लेकरं त्याच्या मांडीवर घालत. देवाचं मौन धरलेला माणूस! बिरूची मान तेव्हा ताठ व्हायची. शिवशंकरला मात्र या बाया का वाकतात ते कळत नसे. तो आईला विचारी, ती वर देवळाकडे बोट दाखवी आणि विषय संपे.

बानूबाईला चिंता एकच होती. आपण मेलो की याचं बोलणं कोण समजणार? त्याला ताप आला, कुणी मारलं, काही हवं झालं, तर तो कुणाला सांगणार? चाळिशी ओलांडल्यापासून हा किडा तिच्या डोक्यात होता आणि पन्नाशीनंतर त्यानं तिची झोप पोखरली.

मागच्या उन्हाळ्यात ते झालं. म्हशीसाठी कडबा कापायची कुट्टी बिरूनं दोन वर्षांपूर्वी घेतली होती, विजेच्या मोटरवर चालणारी. शिवशंकर पेंढी आत सारत होता. पेंढीला बांधलेल्या बंदात त्याची बाही गुंतली. बिरू तीन पावलांवर, बटणाशेजारीच उभा होता. त्यानं पाहिलं आणि तो ओरडला, "शंकऱ्या, हात काढ!" शिवशंकर कडब्याकडे बघत होता. बिरू पुन्हा ओरडला, आणखी मोठ्यानं. मग त्याला बटण आठवलं.

बानूबाई दारात होती. दोन्ही ओरडणी तिनं ऐकली. तेहतीस वर्षं मौनी म्हणता म्हणता बापाला खरंच वाटू लागलं होतं, की पोराला ऐकू येतं, फक्त तो उत्तर देत नाही. त्या दोन हाकांएवढ्या वेळात उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला.

बार्शीच्या दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा भेटायला माणसांची रीघ लागली. जो तो म्हणे, "अपंग झाला बिचारा." इतकी वर्षं ज्या घरात हा शब्द उच्चारायची कुणाची छाती नव्हती, तिथं तो आता चहाच्या कपाबरोबर फिरत होता. बिरूही म्हणायचा, "काय करावं, अपंग झालं पोरगं." बानूबाईला एकेकाच्या थोबाडीत मारावीशी वाटे. पोरगा मागच्या महिन्यात अपंग झाला म्हणे! आणि आधी काय होता? पण हे विचारायचं तोंड तिला कुठं होतं, त्यामुळे ती चहा गाळत राहायची.

शिवशंकरनं बोलणं बंद केलं. कोकराची खूण दोन हातांची, पावसाची दोन हातांची, घराची दोन हातांची. पहिल्यांदा त्यानं आईला काही सांगायला हात उचलले आणि एकच वर आला. त्यानं त्या थोटकाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि डावा हातही घोंगड्यात घालून टाकला. पावसाळा लागला तरी तो घोंगड्यातच राहिला. संध्याकाळी कोकरं ओरडत, बिरू चुकीची लावून देई, मेंढ्या लाथा झाडत. शिवशंकर ओट्यावरून बघे आणि तोंड फिरवी. बानूबाई त्याच्यासमोर बसून हातवारे करी, विनवी, नकला करी. समोरून काही येत नसे. आपण मेल्यावर त्याचं कसं होईल म्हणून ती झुरत होती, आणि इथं तिच्या जिवंतपणीच तो अबोल झाला होता.

श्रावणात ग्रामपंचायतीत दिव्यांगांच्या कार्डाचं शिबिर लागलं. तिथं मंजुषा नावाची बाई आली होती, जिल्ह्याच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेतली शिक्षिका. बिरू हाताचे कागद दाखवत होता, आणि ती शिवशंकरकडे बघत होती. तिच्या हातून फाइल पडली, मोठा आवाज झाला, सगळे वळले. शिवशंकर वळला नाही.

तिनं बानूबाईला बाजूला घेतलं. "मावशी, यांना ऐकू येत नाही ना?"

बानूबाईनं बिरूकडे पाहिलं.

"आमच्याकडे रविवारी मोठ्या माणसांचा वर्ग असतो. खुणांची भाषा शिकवतो. एका हातानंही बोलता येतं, मावशी. आमच्याकडे एक जण तसे आहेत. फक्त कार्डावर कानाचं लिहून आणा, म्हणजे नाव घालता येईल."

"त्याला तिथं... बोलायला मानसं भेटतील?"

"भेटतील की."

बानूबाईनं घरी विषय काढला. बिरू भाकरी अर्धी टाकून उठला.

"हाताचं लिवू द्या, कानाचं न्हाय," तो म्हणाला. "हात मशीननं नेला, त्यात घराण्याला काय बट्टा? कान जल्माचा हाय. येडशीची मानसं परवा शिवकन्येला बघून गेली. जल्माचं व्यंग हाय म्हनल्यावर उंबऱ्याला पाय लावतील का ती? आन् देवाचं काय? बापानं सांगितलेलं खोटं ठरवतीस?"

खोटं काय अन् खरं काय, बानूबाईला सगळंच ठाऊक होतं. शिवकन्या चुलीपाशी मान खाली घालून बसली होती. तीही पोटचीच. एका लेकराला माणसं मिळवून द्यायची तर दुसरीची सोयरीक मोडणार. असल्या तराजूत कुणा आईला बसवू नये. बानूबाई काही बोलली नाही, आणि बिरूनं ते होकारात धरलं.

तिघं दवाखान्यात गेली तो बुधवार होता. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्यानं थोटूक तपासलं, कागदावर लिहिलं.

"कसं झालं, बाबा?"

"कुट्टीत घावला," बिरू म्हणाला.

"मशीन बंद करायला जवळ कुणी नव्हतं का?"

"म्या हुतो की. तीन पावलांवर हुतो. म्या वरडलो, दोनदा वरडलो, हात काढ म्हनून. त्यानं..."

बिरू थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या कानांवर पडलं असावं. तोंड उघडंच राहिलं. डॉक्टर पेन धरून वाट बघत होता.

"त्याला ऐकू येत न्हाय, डाक्टर," बानूबाई म्हणाली. "बहिरा हाय त्यो. जल्मापासनं. लिवा तुमी."

बिरू तिच्या अंगावर धावून येईल असं तिला वाटलं होतं. पण तो नुसता उठला, बाहेर गेला आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसला. शिवशंकरच्या कानांना वायरी लावून तपासणी झाली, दुसऱ्यांदा बोलावून आणखी एक झाली. कागदावर हात आला, कान आला. एस.टी.त बिरू वेगळ्या बाकावर बसला. त्या दिवसापासून तो बानूबाईशी बोलला नाही. ज्या घराण्यानं नसलेलं मौन तेहतीस वर्षं पूजलं, तिथं आता एकानं खरोखरचं धरलं होतं.

येडशीचा निरोप आठवड्यात आला. मुलगी चांगली आहे, पण आमच्या घरातल्या जुन्या माणसांचं मन घेत नाही. शिवकन्या दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आपल्या मोबाइलवर वर्गाचा फॉर्म भरला आणि आईच्या हातात मोबाइल आपटला. "घे. आता तरी जा," एवढंच म्हणाली आणि पाण्याला गेली. तिचा राग योग्य होता, असंच बानूबाईला वाटलं.

पहिल्या रविवारी माय-लेक धाराशिवला पोचले. एका लांब खोलीत सतरंजीवर पंधरा-वीस माणसं बसली होती. गवंडी, शिंपी, पेट्रोल पंपावरचा एक पोरगा, मांडीवर लेकरू घेतलेली एक बाई. शाळेतली लहान मुलंही कडेला होती. कुणाच्या तोंडून शब्द नव्हता आणि सगळे एकदम बोलत होते. हात चालत होते, भुवया चालत होत्या, कुणी कुणाची फिरकी घेत होतं, कुणी खो खो हसत होतं. शिवशंकर दारातच थांबला.

बानूबाईनं त्याला आत ढकललं. एका हाताचा तो माणूस खरंच होता, पन्नाशीचा. त्यानं शिवशंकरचं थोटूक पाहिलं, आपलं दाखवलं, आणि डाव्या हातानं अशी काही नक्कल केली, की शिवशंकरच्या छातीतून हसण्याचा घोगरा आवाज निघाला. हात गेल्यानंतरचं ते पहिलं हसू. भिंतीला टेकून बसलेल्या बानूबाईनं पदर तोंडात कोंबला. आपण मेलो तरी चालेल आता, असं तिला वाटलं. माणसं मिळाली पोराला.

तासाभरानं तो तिच्याकडे आला. घोंगड्यातला डावा हात बाहेर आला होता. त्यानं खोलीभर हात फिरवला, ही सगळी. मग कानाला हात लावला आणि बोट हलवलं, यांना नाही. स्वतःच्या कानाला लावला, मलाही नाही. बानूबाईनं मान हलवली, हो. त्याचे डोळे चमकत होते.

मग त्यानं कडेच्या लहान मुलांकडे पाहिलं. एक पाच-सहा वर्षांचं पोरगं कुणाला तरी मोठी हकीकत सांगत होतं. बराच वेळ शिवशंकर त्या पोराच्या हातांकडे बघत राहिला. वळला तेव्हा चमक गेली होती. त्यानं हात गुडघ्याएवढा खाली नेला, मी एवढा होतो तेव्हा. त्या पोराकडे बोट, ही शाळा. तेव्हा होती? आणि बोट सावकाश आईच्या नाकाशी आलं, नथीच्या जागेवर. तुला माहीत होतं?

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. नुसतं बोट हलवायचं. त्यानं डोळे झाकून विश्वास ठेवला असता, तेहतीस वर्षं ठेवलाच होता. बानूबाईला वाड्यामागचं ते काटेरी कुंपण आठवलं. तिच्या हाताला बोट हलवणं जमेना. तिनं मान हलवली. हो. माहीत होतं.

तो तिच्याकडे बघत राहिला. रागावला असता, ढकललं असतं, तर तिनं सोसलं असतं. तो उठला आणि त्या एका हाताच्या माणसाशेजारी जाऊन बसला, तिच्याकडे पाठ करून.

आता तो दर रविवारी जातो, एकटा जातो. एस.टी.चा रस्ता त्याला पाठ झाला आहे. नाव लिहायला शिकला आहे. कोकरं पुन्हा लावतो, एका हातानं, गुडघ्यात मेंढी दाबून. शिवकन्येशी बोलतो, तिला नव्या खुणा शिकवतो. बापालाही एक-दोन शिकवल्या. बानूबाईची चिंता मिटली आहे, आणि हे ती स्वतःला रोज बजावते.

जेवायच्या वेळी ती त्याच्यापुढे ताट ठेवते आणि हात हलवून विचारते, भाकरी देऊ का आणखी? ही त्यांची जुनी खूण, तो तीन वर्षांचा असल्यापासूनची. ऐकू येणाऱ्याला काही ऐकायचं नसेल तर तो कानांवर हात ठेवतो. शिवशंकर डोळे मिटतो. ती हात खाली घेईपर्यंत तो ते उघडत नाही.